आघाडीवरची मोकळी जागा

सुशिक्षित मराठी कुटुंबांत फुटबॉलविषयीं एक जुना समज घर करून बसलेला आहे. बुद्धीचा खेळ म्हटला कीं तो बुद्धिबळाचा, संयमाचा म्हटला कीं क्रिकेटचा, आणि फुटबॉल म्हणजे ज्यांच्या पायांत बळ व छातींत दम आहे अशांची नुसती धांवाधांव, असा तो समज आहे. मध्यरात्रीं उठून दूरचित्रवाणीवर परदेशांतील सामने पाहणारीं हल्लींचीं मुलें वडील माणसांच्या या मताला हंसतात. परंतु ‘तुम्ही त्यांत नेमकें काय पाहतां?’ असें त्यांनाच विचारलें, तर बहुतेकांचें उत्तर ‘चेंडू’ असेंच येतें. चेंडू पाहणें अगदीं स्वाभाविक आहे. तथापि या खेळांत जें कांहीं बुद्धीचें आहे, तें बहुधा चेंडू जेथें नसतो तेथें घडत असतें. मैदानावर दोन्ही पक्षांचे मिळून गडी बावीस आणि चेंडू एक. म्हणजे कोणत्याही क्षणीं निदान एकवीस गडी चेंडूवांचून असतात. त्यांनीं कोठें उभें राहावें व कोठून निघून जावें, याचा विचार म्हणजेच फुटबॉलचें व्यूहशास्त्र. त्यांतील एकच प्रकरण या महिन्यांत आपण घेऊं: ज्या संघाला हल्ला करावयाचा आहे, त्यानें आपली मांडणी कशी करावी?

प्रथमदर्शनीं प्रश्न सोपा वाटतो. गोल हवे असतील तर पुष्कळ गडी पुढें पाठवावे. चारांच्या जागीं सहा पाठविले कीं दीडपट गोल व्हावेत. त्रैराशिकानें निघणारें हें उत्तर खेळाच्या आरंभकाळीं सर्वांनाच पटलेलें होतें. ३० नोव्हेंबर १८७२ रोजीं ग्लासगो येथें स्कॉटलंड व इंग्लंड यांच्यामध्यें पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. इंग्लंडनें सात-आठ गडी आघाडीवर ठेवले होते, तर स्कॉटलंडनें सहा. तेरा-चौदा माणसें गोल करण्याच्या एकाच उद्योगावर नेमलेलीं असूनही सामना संपला तेव्हां दोन्ही बाजूंस शून्य होतें! कारण उघड आहे. त्या काळचा इंग्रज गडी चेंडू पायाशीं घेऊन एकटाच मुसंडी मारी व बाकीचे त्याच्या मागोमाग धांवत. सात माणसें एका अरुंद दारांतून एकदम आंत शिरूं लागलीं म्हणजे जें होतें, तेंच येथेंही होई. स्कॉटिश गड्यांनीं मात्र चेंडू एकमेकांकडे देण्याची रीति अंगीकारली. चेंडू द्यावयाचा तर घेणारा दूर असला पाहिजे, आणि त्याच्याभोंवतीं थोडी मोकळीक असली पाहिजे. गड्यांच्या संख्येइतकेंच त्यांच्यामधल्या अंतराला महत्त्व आहे, हें या रीतीनें प्रथम लक्षांत आणून दिलें.

पुढल्या दहा-पंधरा वर्षांत आघाडीचे दोन-तीन गडी मागें घेतले गेले आणि जी मांडणी स्थिर झाली, ती चाळीस वर्षें टिकली. गोलरक्षकापुढें दोन फुलबॅक, त्यांच्यापुढें तीन हाफबॅक, आणि सर्वांच्या पुढें पांच फॉरवर्ड. गोलरक्षकाला शिखर समजून नकाशा काढला तर आकृति पिरॅमिडसारखी दिसते, म्हणून तिला पिरॅमिड हेंच नांव पडलें. ब्रिटिश पलटणींबरोबर हा खेळ आपल्याकडे आला व १८९१ सालीं मुंबईंत रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली, तो काळही याच मांडणीचा होता. पांच फॉरवर्डांचीं कामें वांटलेलीं असत. दोन टोकांचे दोघे कडेकडेनें धांवत जाऊन चेंडू मध्यें टाकीत. मधला सेंटर फॉरवर्ड तो पायानें अथवा डोक्यानें गोलांत घाली. आणि त्याच्या दोहों बाजूंचे दोघे, ज्यांना इनसाइड फॉरवर्ड म्हणत, ते मागून चेंडू आणून पुढें पुरवीत. सेंटर फॉरवर्ड म्हणजे या लग्नांतला नवरदेवच! बाकी सगळें वऱ्हाड त्याच्याकरितां.

या मांडणीला धक्का बसला तो नियमांतील एका आंकड्यानें. ऑफसाइडचा नियम थोडक्यांत असा आहे: सोबत्यानें चेंडू पुढें मारला त्या क्षणीं, प्रतिपक्षाच्या हद्दींत शिरलेला व चेंडूच्याही पुढें असलेला गडी आणि प्रतिपक्षाची गोलरेषा यांच्या दरम्यान प्रतिपक्षाचे ठराविक गडी असले पाहिजेत, नसले तर चाल बाद. १९२५ पर्यंत हा आंकडा तीन होता. गोलरक्षक एक धरला तर आणखी दोघे हवेत. त्यामुळें बचावाच्या दोघांपैकीं एकानें नेमक्या वेळीं चार पावलें पुढें यावें कीं प्रतिपक्षाची सगळी आघाडी बाद ठरे. न्यूकॅसल संघाचा बिल मॅक्रॅकन हा या युक्तीबद्दल विशेष प्रसिद्ध होता. शिट्ट्यांनीं खेळ तुटूं लागला, प्रेक्षक कंटाळले, आणि १९२५ सालीं तिनाचे दोन करण्यांत आले. परिणाम तत्काळ दिसला. इंग्लंडच्या पहिल्या श्रेणींत १९२४-२५ च्या हंगामांतील ४६२ सामन्यांत ११९२ गोल झाले होते. पुढच्या हंगामांत तितक्याच सामन्यांत ते १७०३ झाले.

आतां बचावास दोन माणसें पुरेनात. ३ ऑक्टोबर १९२५ रोजीं लंडनचा आर्सेनल संघ न्यूकॅसल येथें सात विरुद्ध शून्य असा हरला. त्या पराभवानंतर व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनीं, चार्ली बकन या अनुभवी गड्याच्या सूचनेवरून, मधल्या हाफबॅकला मागें ओढून दोन फुलबॅकांच्या मधोमध उभें केलें. बचाव तिघांचा झाला. मध्यभाग रिता पडूं नये म्हणून आघाडीचे दोन्ही इनसाइड फॉरवर्डही कांहींसे मागें आले. मागून पुढें मोजलें तर तीन, दोन, दोन, तीन. रोमन लिपींतील ‘डब्ल्यू’ हें अक्षर पुढें व ‘एम’ हें मागें ठेवल्यासारखी ही आकृति दिसते, म्हणून तिला ‘डब्ल्यू-एम’ म्हणूं लागले. आर्सेनलनें १९३० सालीं इंग्लिश चषक आणि १९३१ व १९३३ सालीं लीग जिंकली. मग काय विचारतां? वीस वर्षें इंग्लंडांत ही मांडणी वेदवाक्य होऊन बसली.

तिची एक खुबी समजून घेतली पाहिजे, कारण पुढची सारी कथा त्या खुबीवर उभी आहे. दोन्ही संघ हीच मांडणी वापरूं लागले म्हणजे मैदानावर आखाड्यांतल्याप्रमाणें जोड्या लागत. बचावाचे तिघे समोरच्या आघाडीच्या तिघांना धरीत, मधले चौघे समोरच्या चौघांना. जर्सीवरचे क्रमांकही त्याच हिशेबानें ठरलेले असत. मागें ओढलेला सेंटर हाफ पांच क्रमांकाचा. प्रतिपक्षाचा सेंटर फॉरवर्ड नऊ क्रमांकाचा. पांचानें नवाला सामनाभर सोडावयाचें नाहीं, हा दंडक. अशा खेळांत ज्याचा पैलवान भारी त्याची सरशी होणार. त्यामुळें हल्ला सुधारावयाचा म्हणजे अधिक दांडगा किंवा अधिक चपळ गडी आणावयाचा, एवढाच मार्ग दिसूं लागला. गड्यांचें कसब वाढत गेलें. मांडणीचा विचार मात्र जेथल्या तेथें थबकला.

ही कोंडी फुटली ती दूर बुडापेस्टमध्यें. तेथील एम. टी. के. या संघाला पहिल्या महायुद्धाच्या काळांत जिमी होगन नांवाच्या एका इंग्रज शिक्षकानेंच जमिनीलगत, आंखूड व अचूक पास देण्याचें वळण लावून दिलें होतें. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच संघाचे शिक्षक मार्तोन बुकोवी यांनीं एक धाडसी कल्पना अमलांत आणली. सेंटर फॉरवर्डनें प्रतिपक्षाच्या गोलासमोर ठाण मांडावयाच्या ऐवजीं तेथून निघून मागें यावें, आणि त्यानें सोडलेली जागा मोकळीच राहूं द्यावी! हंगेरीच्या राष्ट्रीय संघाचे प्रमुख गुस्ताव शेबेश यांनीं ती उचलली. नांदोर हिदेगकुटी याला त्यांनीं जर्सी दिली नवाचीच. परंतु त्याचें ठाणें नेलें मैदानाच्या मध्याकडे. फेरेन्त्स पुश्काश व शांदोर कोचिश हे दोघे इनसाइड फॉरवर्ड त्याच्याही पुढें उभे राहिले; टोकांना बुदाई आणि त्सिबोर. वऱ्हाड बोहल्यापाशीं पोहोंचलें आणि नवरदेव वेशीपाशींच थांबला, अशी ही रचना होती.

२५ नोव्हेंबर १९५३ रोजीं ती लंडनच्या वेंब्ली मैदानावर, सुमारें एक लक्ष पांच हजार प्रेक्षकांसमोर, कसोटीस लागली. हंगेरीनें आदल्या वर्षीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें सुवर्णपदक मिळविलें होतें. उलट, ब्रिटिश बेटांबाहेरच्या कोणत्याही देशाच्या संघानें इंग्लंडला त्याच्या घरीं कधींच हरविलेलें नव्हतें. शेबेश यांनीं तयारींत हयगय केली नव्हती. इंग्लिश बनावटीचे जड चेंडू मिळवून त्यांवर त्यांनीं सराव करून घेतला होता. इंग्लंडचा सेंटर हाफ होता हॅरी जॉन्स्टन. हा मनुष्य नवखा नव्हता. त्याच वर्षीं त्याच्या नेतृत्वाखालीं ब्लॅकपूल संघानें इंग्लिश चषक जिंकला होता. त्याच्या अंगीं कसब होतें, धैर्य होतें, अनुभव होता. त्या दिवशीं त्याच्यापुढें जो प्रश्न पडला, त्यापुढें या तिन्ही गोष्टी निरुपयोगी ठरल्या.

तो प्रश्न असा: ज्याला सामनाभर सोडावयाचें नाहीं तो नऊ क्रमांकाचा गडी वीस-पंचवीस यार्ड मागें निघून गेला आहे. आतां पांचानें काय करावें? दंडकाप्रमाणें त्याच्या मागें जावें, तर इंग्लंडच्या बचावाचा मधला खांबच निघाला. दोन फुलबॅक तर टोकाच्या बुदाई-त्सिबोर यांना धरण्यासाठीं कडेला गेलेले. मध्यें पडलेल्या त्या खिंडारांतून पुश्काश व कोचिश सरळ आंत शिरणार. बरें, आपल्या जागीं उभें राहावें, तर त्याच्यासमोर धरावयाला कोणीच नाहीं, आणि हिदेगकुटी मध्यभागीं निर्वेध उभा राहून, डोकें वर करून, ज्याला हवा त्याला चेंडू देणार. नाहीं तर स्वतःच पुढें येऊन गोलावर मारणार. जुन्या पंडितांनीं ज्याला ‘उभयतःपाशा रज्जु’ म्हटलें, तो न्याय येथें प्रत्यक्ष मैदानावर अवतरला होता. दोरीच्या दोन्ही टोंकांना फास. कोणतेंही टोंक धरा, मान अडकतेच.

सामना सुरू झाल्यावर पहिल्याच मिनिटांत हिदेगकुटीनें दुरून फटका मारून गोल केला. इंग्लंडनें लवकरच बरोबरी साधली; परंतु सत्तावीस मिनिटें होतात न होतात तोंच फलक चार-एक असा झाला होता. पुश्काशचा पहिला गोल आजही चित्रफितींत पाहावयास मिळतो. इंग्लंडचा कर्णधार बिली राइट चेंडू काढून घेण्यासाठीं घसरत आला, पुश्काशनें तळव्यानें चेंडू अलगद मागें ओढला, राइट रिकाम्या जागेवरून पुढें निघून गेला आणि चेंडू गोलांत पोहोंचला. शेवटीं हंगेरी सहा, इंग्लंड तीन. सहांपैकीं तीन गोल एकट्या हिदेगकुटीचे होते. जॉन्स्टन त्या दिवसानंतर इंग्लंडकडून पुन्हां खेळला नाहीं. पुढल्या मे महिन्यांत इंग्लंडचा संघ परतफेडीसाठीं बुडापेस्टला गेला, तेव्हां तो सात-एक असा हरला.

आतां कोणी म्हणेल, एक गडी मागें घेतला कीं जग जिंकतां येतें, असेंच ना? इतकें तें सोपें नाहीं. नुसती मोकळी जागा म्हणजे ओसाड माळ. तिला किंमत येते ती तेथें वेळेवर शिरणाऱ्यामुळें, आणि तो शिरेल हें आधींच ओळखून चेंडू सोडणाऱ्यामुळें. क्षणभर लवकर गेला तर ऑफसाइड. क्षणभर उशीर झाला तर दार बंद. हें वेळेचें भान फळ्यावर खडूनें आकृत्या काढून येत नसतें. पुश्काश व हाफबॅक बोझिक हे बुडापेस्टच्या किश्पेश्त भागांत लहानपणापासून शेजारीं वाढलेले व एकत्र खेळलेले. १९४९ नंतर संघाचे बरेचसे गडी सैन्याच्या होन्वेद या एकाच संघांत आणलेले होते. एकानें मान वळविली कीं दुसऱ्याला त्याचा बेत कळावा, इतका त्यांचा सहवास झालेला होता. दुसरें असें कीं, मांडणींत एक वीट काढली तर बाकीच्या सरकवाव्या लागतात. हिदेगकुटी मागें आला तसा त्याचा सोबती झाकारियाश आणखी मागें जाऊन बचावांत जवळजवळ चौथा झाला, आणि बोझिक मधून पुढें येऊं लागला. वेंब्लीवरचा एक गोल त्या हाफबॅकचा होता. एकानें जागा सोडली ती सर्वांनीं मिळून सांवरली, म्हणूनच ती सोडणें परवडलें.

तरीही या रचनेला मोल द्यावें लागलेंच. जो संघ पुढें ओढ घेतो, त्याची पाठ उघडी पडते. वेंब्लीवर सहा गोल करणाऱ्यांनीं तीन स्वीकारलेही होते, हें विसरतां येत नाहीं. १९५४ सालीं स्वित्झर्लंडमध्यें झालेल्या विश्वचषक स्पर्धेंत हंगेरीनें पांच सामन्यांत सत्तावीस गोल केले. त्यांत पश्चिम जर्मनीविरुद्ध एका सामन्यांत आठ. त्याच सामन्यांत पुश्काशच्या घोट्याला दुखापत झाली. ४ जुलै १९५४ रोजीं बर्न येथें अंतिम सामन्यांत तोच प्रतिपक्ष पुन्हां समोर आला. आठ मिनिटांत हंगेरीचे दोन गोल झाले, अठरा मिनिटांत दोन-दोन अशी बरोबरी झाली, आणि चौऱ्याऐंशींव्या मिनिटाला हेल्मुट रानच्या गोलानें जर्मनी तीन-दोन असा जिंकला. १९५० च्या मे महिन्यापासून अपराजित असलेला संघ नेमक्या त्या दिवशीं हरला. पाऊस होता, चिखल होता, पुश्काश पूर्ण बरा नव्हता, हें सर्व खरें. परंतु जर्मनांनीं वेंब्लीच्या प्रश्नाचें उत्तरही शोधून आणलें होतें. हिदेगकुटीच्या मागें त्यांनीं सेंटर हाफ धाडलाच नाहीं. होर्स्ट एकेल या दमदार हाफबॅकला त्याच्यावर नेमलें, आणि बचावाचा मधला खांब जागेवरच ठेवला. शृंगापत्तींतून सुटण्याचा मार्ग बहुधा असाच असतो. दिलेल्या दोन उत्तरांपैकीं एकही न स्वीकारतां प्रश्नच तिसऱ्याच्या हातीं द्यावयाचा.

यापुढचा घाव मैदानाबाहेरचा होता, आणि त्याला कोणत्याही व्यूहांत उत्तर नव्हतें. १९५६ च्या शरदांत हंगेरींत उठाव झाला व सोव्हिएत रणगाड्यांनीं तो चिरडला. होन्वेदचे गडी तेव्हां युरोपीय चषकाच्या सामन्यांसाठीं परदेशीं गेलेले होते. पुश्काश, कोचिश व त्सिबोर मायदेशीं परतले नाहींत. एकेक गडी पुढें स्पेनमध्यें नांवाजला. पुश्काश माद्रिदला, कोचिश व त्सिबोर बार्सेलोनाला. पण दहा वर्षांच्या सहवासानें जुळून आलेली ती मोट सुटली ती सुटलीच. मांडणी कागदावर उरते, ती जगविणारीं माणसें पांगलीं म्हणजे तिच्यांतला प्राण जातो.

या कथेचा एक धागा आपल्या देशापर्यंत येतो. १९५२ च्या ज्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्यें हंगेरीनें सुवर्ण मिळविलें, तेथेंच भारताचा संघ युगोस्लाव्हियाकडून दहा-एक असा हरला होता. आपले बहुतेक गडी अनवाणी खेळत होते. संघाचे शिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, पेशानें शाळामास्तर. त्यांनीं तयार केलेल्या हैदराबाद सिटी पोलीस संघानें १९५० ते १९५४ असा लागोपाठ पांच वेळां मुंबईंत रोव्हर्स चषक जिंकला होता, आणि पिरॅमिडच्या जुन्या वळणांतून भारतीय फुटबॉल बाहेर काढून चार-दोन-चार अशा नव्या मांडणीकडे नेण्याचें श्रेयही त्यांच्याच नांवाशीं जोडलें जातें. १९५६ च्या अखेरीस मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्यें पहिल्या फेरींत भारताची गांठ पडावयाची होती ती हंगेरीशीं! हंगेरीचा फुटबॉल संघ त्या स्पर्धेंत उतरला नाहीं, व भारत न खेळतांच पुढें गेला. पुढच्या सामन्यांत १ डिसेंबर रोजीं भारतानें यजमान ऑस्ट्रेलियास चार-दोन असें हरविलें. मुंबईच्या मैदानांवर गाजलेला सेंटर फॉरवर्ड नेव्हिल डिसोझा यानें त्यांत तीन गोल केले; ऑलिंपिक फुटबॉलांत असा पराक्रम करणारा तो पहिला आशियाई. उपान्त्य सामन्यांत युगोस्लाव्हियाविरुद्धही पहिला गोल त्याचाच होता. शेवटीं मात्र भारत चार-एक असा हरला व स्पर्धेंत चौथा आला. १९६२ सालीं जकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धेंत रहीम यांनीं, डोक्याला झालेल्या जखमेवर टांके पडलेला बचावाचा गडी जर्नेलसिंग यालाच सेंटर फॉरवर्ड करून पुढें धाडलें. अंतिम सामन्यांत दक्षिण कोरियाविरुद्ध भारताच्या दोन गोलांपैकीं एक त्याचा होता, आणि सुवर्णपदक आपलें झालें. जागा व माणूस यांची गांठ ब्रह्मदेवानें बांधलेली नसते, हें या शाळामास्तरांनाही नेमकें उमगलेलें होतें.

हंगेरीच्या त्या कल्पनेची वंशवेल पुढें दूरवर गेली. मँचेस्टर सिटीनें डॉन रेव्ही याला हिदेगकुटीच्या धर्तीवर मागें खेळवून १९५६ चा इंग्लिश चषक जिंकला. १९५८ सालीं ब्राझीलनें आघाडीवर पांचांऐवजीं चारच गडी ठेवून विश्वचषक मिळविला, व अंतिम सामन्यांत स्वीडनविरुद्ध पांच गोल केले. वेंब्लीवर त्या दिवशीं हरलेल्या इंग्लंडच्या संघांतला फुलबॅक आल्फ रॅम्सी याचा तो अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला. तोच पुढें इंग्लंडचा व्यवस्थापक झाला आणि १९६६ सालीं, टोकाचे दोन्ही फॉरवर्ड वगळून केलेल्या मांडणीनें, त्यानें इंग्लंडला विश्वचषक जिंकून दिला. आणि २ मे २००९ रोजीं माद्रिदमध्यें पेप ग्वार्डिओला यांनीं बार्सेलोनाच्या लिओनेल मेस्सीला सेंटर फॉरवर्डच्या जागेवरून मागें घेतलें, तेव्हां रियाल माद्रिदचे दोन्ही मधले बचावगडी जॉन्स्टनप्रमाणेंच ‘जावें कीं राहावें’ या संभ्रमांत पडले. बार्सेलोनानें त्या दिवशीं सहा गोल केले. अशा गड्याला हल्लीं ‘खोटा नऊ’ म्हणतात. नांव नवें आहे, युक्ति तीच.

ग्लासगोच्या सात-आठ फॉरवर्डांपासून ब्राझीलच्या चौघांपर्यंत पाहिलें, तर आघाडीची संख्या उतरत गेली आणि हल्ल्याची धार चढत गेली. त्रैराशिक येथें चुकतें, कारण हल्ल्याचें बळ माणसांच्या बेरजेंत नसतें. प्रतिपक्षापुढें किती अवघड प्रश्न टाकला यांत तें असतें. मात्र हिदेगकुटीच्या मागें येण्याला कोणी त्याग अथवा संन्यास म्हणूं नये. एकतीस वर्षांचा हा गडी मानाचें स्थान सोडून मागें आला तो विसांवा घेण्यासाठीं नव्हे. तेथून त्याला सगळें मैदान दिसत होतें. दुसऱ्यांना वाट करून देतां येत होती, आणि वाट मोकळी दिसली कीं स्वतःलाही पुढें जातां येत होतें. मोठ्या घरांतलें जाणतें माणूस ओसरीवरची मधली बैठक धाकट्यांना देऊन किंचित् बाजूला बसतें, तरी घराचा तोल त्याच्याच हातीं राहतो. तसेंच कांहींसें हें आहे. जागा अडवून बसणें हें बळाचें एक रूप आहे. योग्य वेळीं ती सोडतां येणें, हें त्याहून अवघड असें दुसरें.

यापुढें घरांतलीं मुलें सामना पाहावयास बसतील तेव्हां वडील मंडळींनींही दहा मिनिटें त्यांच्याजवळ बसावें, आणि चेंडूवरची नजर काढून एक छोटासा प्रयोग करून पाहावा. हल्ला करणाऱ्या संघाचा सर्वांत पुढचा गडी निवडावा. तो मागें सरकला कीं त्याच्यावर नेमलेला बचावाचा गडी काय करतो, हें पाहावें: मागें जातो, कीं जागेवर राहतो, कीं दोन पावलें टाकून पुन्हां परततो? तो जर परतला, तर समजावें कीं त्याला प्रश्न पडला आहे. गोल अजून व्हावयाचा असतो. पण त्याची सुरुवात तेथें झालेली असते.